योजनेचे दहा दिवस, मानेचे सहा महिने

२०२४ च्या नोव्हेंबरच्या शेवटी माझ्या वडिलांच्या मानेचे ऑपरेशन झाले. पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली झिजलेली गादी काढली, तिच्या जागी हाडाचा तुकडा बसवला आणि पट्टी व स्क्रू लावून दोन्ही मणके एकमेकांना जोडले. ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झाले. तेव्हापासून भेटेल तो एकच गोष्ट ऐकवतो, "फुकटात झालं ना? मग आता काय राहिलं?"

जे राहिलं त्याबद्दलच हा लेख आहे.

माझे म्हणणे सरळ आहे. ऑपरेशन म्हणजे उपचाराचा अर्धा भाग. हाड जुळेपर्यंतचे महिने हा उरलेला अर्धा भाग, आणि तो सरकारने मजुराच्या घरावर टाकून दिला आहे. घरावर म्हणजे घरातल्या बाईवर. त्याहून कडू गोष्ट ही की, आपल्या चळवळीनेही हा प्रश्न आपला मानलेला नाही.

मोंढ्यातली मान

अण्णा तीस वर्षे परभणीच्या मोंढ्यात हमाल होते. ते कामाला लागले तेव्हा क्विंटलचे पोते एकट्याने पाठीवर घ्यायचे. पोते पाठीवर असते असे आपण म्हणतो, पण त्याचा भार पडतो मानेच्या मुळावर. मान पुढे वाकलेली, नजर जमिनीवर, आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायचे. दिवसाला किती खेपा, ते कोणी मोजत नाही. पोती मात्र मोजतात.

दुखणे दोन वर्षे आधीच सुरू झाले होते. आधी बोटांना मुंग्या. मग सदऱ्याचे बटण लावता येईना. चहाचा ग्लास हातातून निसटायचा. चालताना पाय कापसात पडल्यासारखे वाटतात, असे ते सांगायचे. आम्ही काय केले? कोणी म्हणाले वात आहे, कोणी म्हणाले अशक्तपणा. एकाने मालिश करणाऱ्याचा पत्ता दिला. त्याने मान दोन्ही बाजूंना कडकन मोडून दिली आणि पैसे घेतले. मी समाजशास्त्रात एम.ए. केलेला माणूस, दुसऱ्यांच्या वस्त्यांमध्ये आरोग्यावर बोलत फिरणारा, आणि माझ्याच घरात मज्जारज्जू दबत चालला होता. तो दबला की आधी हातांची पकड जाते, मग पायांचा तोल, आणि शेवटी लघवीवरचा ताबाही जातो. एमआरआय झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. गेलेली ताकद सगळी परत येईल याची खात्री नाही, ऑपरेशनने पुढची घसरण थांबेल.

डोक्या-मानेवर ओझी वाहणाऱ्यांच्या मणक्यांची झीज लवकर होते, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. कायद्यालाही ठाऊक आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यातले कलम ३४ सांगत होते की, इजा होईल इतके वजन कोणाकडूनही उचलून घेऊ नये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली एका प्रौढ पुरुष कामगाराने हाताने वाहायच्या ओझ्याची शिफारस केलेली कमाल मर्यादा ५५ किलो आहे. आपल्या महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. माथाडी हा शब्दच माथ्यावरून आला आहे. म्हणजे काम कुठल्या अवयवाने होते ते कायद्याच्या नावात लिहिले आहे. तो अवयव निकामी झाला तर त्या माणसाच्या घरात काय शिजणार, हे मात्र बहुसंख्य हमालांसाठी कुठेच लिहिलेले नाही. जिल्ह्याच्या मोंढ्यांमध्ये, कापसाच्या जिनिंगवर, खताच्या गोदामांवर ज्यांची कुठेही नोंद नाही अशी माणसे आजही वजन वाहत आहेत. अण्णा त्यांच्यातलेच एक.

योजनेचे दहा दिवस

योजना वाईट आहे असे मी म्हणत नाही. ती नसती तर आम्ही सावकाराच्या दारात उभे असतो. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आता त्यात आहे. दवाखान्यात आरोग्यमित्र भेटला, रेशनकार्ड पाहिले, मंजुरी आली, ऑपरेशन झाले.

पण त्या योजनेतल्या पॅकेजची हद्द पाहा. दाखल झाल्यापासून घरी सोडेपर्यंत, आणि घरी सोडल्यानंतर दहा दिवस. अकराव्या दिवशी सरकारच्या लेखी रुग्ण बरा झालेला असतो.

हाडाला हे ठाऊक नसते. दोन मणके एकमेकांना जुळायला तीन ते सहा महिने लागतात, काहींना वर्ष लागते. पहिले काही दिवस घास गिळताना त्रास होतो, कारण ऑपरेशन गळ्याच्या पुढच्या बाजूने होते. आवाज बसतो. मग मानेचा पट्टा, ठरावीक दिवसांनी एक्स-रे, आणि डॉक्टर सांगतील तेव्हापासून फिजिओथेरपी. बटण लावणे, पेला धरणे, सरळ रेषेत चालणे हे लहान लेकरासारखे पुन्हा शिकायचे. यातले दहा दिवसांत काय होते? टाके निघतात.

आमचे ते दहा दिवस कधी संपले, ते मी विसरू शकत नाही. ४ डिसेंबर २०२४ ला अण्णांना घरी आणले. १० डिसेंबरला परभणी रेल्वे स्थानकासमोरच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. ११ तारखेच्या बंदला हिंसक वळण लागले आणि अटकसत्र सुरू झाले. मी घरी नव्हतो. कोणाला उचलले, कोण कुठल्या ठाण्यात आहे, वकील कोण, जामीनदार कोण, याच धावपळीत होतो. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असलेल्या सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला आणि सगळा जिल्हा सुन्न झाला.

१४ तारखेला अण्णांच्या गोळ्या संपल्या होत्या. मायने मला फोन केला नाही. पुढे विचारले तर म्हणाली, "तू कोणत्या गडबडीत हाईस ते दिसत नव्हतं का मला?" दोन रात्री अण्णा गोळीशिवाय, पट्टा लावून भिंतीला टेकून बसून होते. माय शेजारच्या बाईकडून उसने पैसे घेऊन गोळ्या घेऊन आली.

त्या आठवड्यात रस्त्यावर असणे चूक होते असे मी आजही म्हणणार नाही. चूक वेगळीच होती. त्या दोन रात्रींचा आणि त्या मोर्चाचा प्रश्न एकच आहे, हे मला तेव्हा दिसले नाही.

"आराम करा" हे कोणाला सांगता?

घरी सोडताना मिळालेल्या कागदावर लिहिले होते: वजन उचलू नये, वाकू नये, मानेला झटका बसू देऊ नये, आराम करावा. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने एक अक्षरही चुकीचे नाही. पण ज्याची मजुरी म्हणजेच वजन उचलणे, त्याच्यासाठी हा कागद कामावरून काढल्याची नोटीस असते.

पूर्णेला आमचे एक नातेवाईक रेल्वेत आहेत. त्यांचेही काही वर्षांपूर्वी असेच मानेचे ऑपरेशन झाले. त्यांना वैद्यकीय रजा मिळाली, पगार चालू राहिला, आणि परतल्यावर हलके काम मिळाले. मला त्यांचा हेवा वाटत नाही. आरक्षणाने आपल्या माणसाला पगारी रजेपर्यंत पोहोचवले याचा अभिमानच आहे. पण एकाच आजोबांच्या दोन नातवांमध्ये एकाच्या मानेला सहा महिने मिळतात आणि दुसऱ्याच्या मानेला दहा दिवस. हा फरक मणक्यांमधला नाही. एकाची नोंद आहे, दुसऱ्याची नाही.

आजारी कामगाराला मजुरी मिळावी, ही मागणी हवेतली नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात प्रा. बी. पी. अडारकर यांच्यावर औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. त्यांचा अहवाल १९४४ साली आला, आणि त्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. त्या योजनेत आजारी पडलेल्या विमाधारक कामगाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. उपचार वेगळे आणि उपचाराच्या काळातली भाकरी वेगळी, या दोन्हींची जबाबदारी घ्यावी लागते, हे या देशाला सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी कळलेले आहे. फक्त ते कारखान्याच्या फाटकाच्या आत कळले. मोंढा, ऊसाचा फड आणि वीटभट्टी फाटकाच्या बाहेर राहिली.

गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर भागातून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी जोडपी पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. यात बाईचे डोके आणि पुरुषाचे डोके असा भेद नाही. एक दिवस आजारी पडले की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. ज्या व्यवस्थेत एका दिवसाच्या तापाचा दंड भरावा लागतो, तिथे मानेच्या ऑपरेशननंतर सहा महिने आराम कोण करणार? म्हणून आपली माणसे ऑपरेशनच टाळतात. "चिरलं की माणूस पांगळा होतो," असे वस्तीत म्हणतात. शिकलेले लोक त्याला अडाणीपणा म्हणतात. मी म्हणतो, त्यात अर्धा हिशोब आहे. ऑपरेशननंतर चौथ्या आठवड्यात पोते उचलणाऱ्याचा स्क्रू ढिला होतो, हाड जुळत नाही, आणि मग खरोखरच पांगळेपण येते. लोक ते पाहतात आणि ठपका ऑपरेशनवर ठेवतात.

हा जातीचा प्रश्न आहे का?

काही मित्र म्हणतील, हा वर्गाचा प्रश्न आहे, यात जात कशाला आणता? मोंढ्यात मराठा, मुस्लिम, मातंग, बंजारा सगळेच हमाल आहेत. खरे आहे. अण्णांच्या टोळीतही सगळेच आहेत.

पण १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन' मध्ये बाबासाहेबांनी दाखवून दिले की, ही व्यवस्था कामांच्या वाटणीवर थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वर-खाली उतरंड लावते. या उतरंडीत ओझे वाहणारे शरीर सर्वांत खाली असते. एक मान मोडली तर दुसरी मिळते, म्हणून त्याच्या दुरुस्तीचा खर्च कोणी हिशोबात धरत नाही. या कामात इतर जातींचा गरीब येतो, तेव्हा तोही त्याच स्वस्त शरीराच्या रकान्यात जातो. म्हणून हा प्रश्न मांडण्याची जबाबदारी आपली, आणि मागणी मात्र सगळ्यांची. टोळीतला कोणीही बाहेर ठेवून ही लढाई जिंकता येणार नाही.

ज्याचा उपयोग नाही त्याचे काय?

विनयपिटकातल्या महावग्गात एका आजारी भिक्खूची गोष्ट आहे. अतिसाराने तो आपल्याच घाणीत पडून होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धांनी कारण विचारले, तेव्हा त्याने सांगितले की, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझी सेवा करत नाहीत. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला लावले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले. मग संघाला बोलावून आजाऱ्याची सेवा ही एकमेकांची जबाबदारी ठरवून दिली.

अण्णा तिसऱ्या महिन्यात हेच म्हणाले होते. मोठ्या दुःखाने नव्हे, सहज, पट्ट्यातून समोर बघत. "आता माझा कोणालाच उपेग न्हाई." तीस वर्षे ज्या बाजाराने त्यांची किंमत खेपांवर केली, त्या बाजाराचे माप त्यांनी स्वतःलाच लावले होते.

धम्म घेतलेल्या आपल्या घरांत, विहारांत, संघटनांत आजारी माणसाचे स्थान काय? कार्यकर्ता आजारी पडला की आपण फोटो काढून गटात टाकतो, "लवकर बरे व्हा" लिहितो. आठव्या दिवशी दुसरा विषय येतो. जयंतीची वर्गणी होते, मिरवणुकीची गाडी ठरते, पण वस्तीत ऑपरेशन झालेल्या माणसाला एक्स-रेला कोण नेणार याची पाळी ठरत नाही. सावित्रीमाई १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना गेल्या. त्यांचा फोटो आपण लावतो. त्यांचे काम मात्र आपल्या माय-बहिणींवर सोडून देतो.

माझी माय सहा महिने अण्णांना आंघोळ घालत होती, घास बारीक करून देत होती, रात्री कुशीवर वळवत होती, आणि सकाळी दोन घरची भांडी घासायला जात होती. घरातली एकमेव कमाई तीच होती. योजनेच्या कोणत्या रकान्यात तिची मजुरी लिहायची?

आमच्या घरी मदत पहिल्यांदा आली ती कोणत्याही संघटनेकडून नाही. मोंढ्यातल्या टोळीने दोन महिने रोजच्या मजुरीतून अण्णांचा एक वाटा बाजूला काढला. त्यात निळा झेंडा घेणारे होते, भगवा घेणारे होते, नमाज पढणारे होते. त्यांनी कोणताही ठराव केला नाही. उद्या आपलीही मान जाऊ शकते एवढे त्यांना कळत होते.

पैसा कुठून येणार?

हा प्रश्न नेहमी गरिबाच्याच मागणीवर विचारला जातो. महाराष्ट्राने १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने कामाचा हक्क मान्य केला. जे राज्य काम देण्याची हमी कायद्यात लिहू शकते, त्या राज्याला कामाने मोडलेले शरीर सावरण्याची हमी का लिहिता येऊ नये?

कोणी संजय गांधी निराधार योजनेकडे बोट दाखवतात. दरमहा १५०० रुपये, आणि त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवे. परभणीत दोन घरची भांडी घासणारी बाईसुद्धा ही मर्यादा ओलांडते. शिवाय ती योजना निराधारासाठी आहे. सहा महिन्यांनी उभा राहू शकणाऱ्या माणसाला आधी निराधार करायचे आणि मग अनुदान द्यायचे, हा कुठला न्याय?

आणि संविधान काय सांगते? कलम ४१ वाचा. बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता यांत राज्याने आपल्या कुवतीनुसार साहाय्याची तरतूद करावी, असा त्याचा आशय आहे. ते मार्गदर्शक तत्त्व आहे. कोर्टात जाऊन ते थेट मागता येत नाही. म्हणूनच ते रस्त्यावर मागावे लागते. संविधानाच्या प्रतिकृतीसाठी आपण डिसेंबरात उभे राहिलो आणि त्याची किंमतही मोजली. त्याच संविधानातले कलम ४१ रोज दवाखान्याच्या दारात पायदळी जाते, तेव्हा आपण कुठे असतो?

म्हणून माझ्या मागण्या:

१. मणक्याच्या ऑपरेशननंतर योजनेची दहा दिवसांची मुदत वाढवून सहा महिने करावी. औषधे, एक्स-रे, मानेचा पट्टा, फिजिओथेरपी आणि ये-जा यांचा खर्च त्यात असावा.

२. नोंद नसलेल्या मजुराला बरे होण्याच्या काळात किमान वेतनाच्या हिशोबाने मजुरी मिळावी. सुरुवात ९१ दिवसांपासून करा. कारखान्यातल्या कामगाराला लावलेले माप मोंढ्यातल्या हमालाला लावा.

३. फिजिओथेरपीसाठी तालुक्याच्या माणसाला जिल्ह्याला यावे लागू नये. जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या सरकारी दवाखान्यांत ही सोय कायमची हवी.

४. प्रत्येक हमालाची माथाडी कायद्याखाली नोंद व्हावी, आणि पोत्याच्या वजनाची मर्यादा काट्यावर तपासली जावी.

आणि आपल्यासाठी एक काम, ज्याला सरकारची मंजुरी लागत नाही. प्रत्येक विहारात एक वही ठेवा. वस्तीत कोणाचे ऑपरेशन झाले, गोळ्या कधी संपतात, पुढची तारीख कधी, सोबत कोण जाणार. पाळीत तरुण मुलांची नावे आधी लिहा, बायांची नंतर.

त्या वहीच्या पहिल्या पानावर आम्ही ठेच खाऊन शिकलेल्या गोष्टीही लिहा. हाताला मुंग्या, पकड ढिली, चालताना तोल जाणे, ही लक्षणे दिसली की मालिशवाल्याकडे नव्हे, डॉक्टरकडे जा. मान कोणाकडूनही मोडून घेऊ नका. ऑपरेशननंतर बिडी आणि तंबाखू बंद, कारण त्याने हाड जुळायला उशीर होतो. पट्टा किती दिवस ठेवायचा, ते शेजाऱ्याच्या नव्हे, आपल्या डॉक्टरच्या सांगण्यावर. रोज थोडे चाला. आणि गळ्याला अचानक सूज, श्वास घ्यायला त्रास, ताप, जखमेतून पाणी, हातापायांतली ताकद कमी होणे किंवा लघवीवरचा ताबा जाणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका.

सहा महिन्यांनी अण्णांचा एक्स-रे काढला. हाड जुळले आहे. उजव्या हाताची पकड बरीच परत आली, डाव्याची अर्धीच. डॉक्टरांनी सांगितले, आता ओझे कायमचे बंद. टोळीने त्यांना काट्यावर बसवले आहे, पोती मोजायला. मजुरी अर्धी मिळते. सदऱ्याचे वरचे बटण अजून मायच लावते.

आपल्या भाषेत मान या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत. दुसऱ्या अर्थाच्या मानासाठी आपण शंभर वर्षे लढतो आहोत. पहिल्या अर्थाची मान मोंढ्यात, फडात, भट्टीवर रोज झिजते आहे. ती वाचवल्याशिवाय दुसरी ताठ राहणार नाही.

तुमच्या वस्तीत ही वही उद्या सुरू करा. पहिले नाव कोणाचे लिहायचे, ते तुम्हाला ठाऊक आहे.

जय भीम! जय संविधान!